शेजारच्या सीटचा पट्टा

ब्रॉली, कॅलिफोर्निया
नोव्हेंबरचा दुसरा रविवार

लाडके शेल्बी,

खूप आशीर्वाद. गुडघा सोडला तर मी बरा आहे. तुमच्याकडे ड्युलुथला बर्फ सुरू झाला असेल. इथे आत्ता कुठे पूर्ण बाह्यांचा शर्ट घालावा अशी हवा आलीय. शेतांत लेट्यूस वर आलाय, म्हणजे थँक्सगिव्हिंगची सुट्टी आली आणि वाळूच्या टेकड्यांवर गाडी पळवायचे दिवस आले.

फोनवर तू विचारतेस, "पप्पा, काय चाललंय?" मी म्हणतो, "काही नाही." फोन ठेवल्यावर सगळं सुचतं. म्हणून म्हटलं, लिहावंच.

बातमी अशी की आपल्या वाळूतल्या गाडीला मी मोठी टायरं आणली. गॅरेजवाल्या चुयचा मेहुणा वाळू सोडून बोटीच्या नादी लागलाय, त्याची. चांगली मांडीपर्यंत येतील एवढी, पाठीवर वाळू मागे लोटणारी जाडजूड रबरी वल्ही. आपल्या टायरांची वल्ही पार झिजलीत. तुझ्या आईबरोबर शेवटचं गेलो तेव्हा मोठ्या टेकडीच्या अर्ध्यावरच गाडी रुतली होती आणि ती हसत विचारत होती, "उतरून ढकलू का, महाराज?"

गाडी जॅकवर चढवली, टायरं बसवली, हाताने फिरवली. टायर आणि गाडीच्या सांगाड्याची नळी यांच्यामध्ये तीन बोटं जागा. मी खूश. चुय दारात टॅको खात उभा होता.

"लटकत्या चाकाचं काय कौतुक सांगतोस, म्हाताऱ्या? शॉकअॅब्सॉर्बर काढ, चाक पार वर उचलून बघ. मागची बाजू दबली की खरं कळतं."

"उभा जन्म वाळूत गेलाय माझा."

"अक्कलही तिथेच सांडलेली दिसतेय!"

मी कसला ऐकतोय! मागच्या पडीक जमिनीत दोन चकरा मारल्या. गाडी मस्त पळाली. परत आलो तर चुय आपला अगडबंब देह घेऊन शेजारी चढला. पट्टा त्याच्या पोटाला पुरेना. "सैल कर की हा," म्हणाला. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पहिल्याच उंचवट्यावर मागून घर्र आवाज आला, जळक्या रबराचा वास आला. दोघांच्या वजनाने मागची बाजू बसली की टायर नळीला घासतं. तो उतरला की घासणं बंद. नाकापेक्षा मोती जड झाला होता.

"एकट्यापुरतं चालेल," चुय म्हणाला. "नाहीतर मागची चाकं धरणारे दांडे लांब करून घ्यावे लागतील. पण कशाला? तुझ्या शेजारी आता बसतंय कोण?"

मनात काही ठेवून बोलणारा नाही तो. मला मात्र लागायचं ते लागलं.

दुसऱ्या दिवशी वाटलं, शेल्बी काही चुयएवढी नाही, तिच्या वजनाला कदाचित घासणार नाही. पिशव्यांत वाळू भरून सीटवर ठेवायला गेलो आणि लक्षात आलं, तुझं वजन आता किती असेल हे मला माहीतच नाही. शेवटची बसलीस तेव्हा तू शाळेत होतीस. पिशवी मांडीवर घेऊन गॅरेजात बसलो आणि रडलो. लपवत नाही.

मोठी टायरं परत केली. जुनीच चढवली. मोठी टेकडी जमणार नाही, पण लहान टेकड्यांवरून दोघांना फिरवतील.

यंदा आपल्याबरोबर वाळूत येणारी जुनी मंडळी कुणी नाहीत. कुणी गाडी विकली, कुणाची पाठ गेली. तरी मी थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी, बुधवारी जाऊन आपल्या नेहमीच्या जागी ट्रेलर लावणार आहे आणि बाजूला एका तंबूची जागा दोरी बांधून धरणार आहे. कुणासाठी, असं विचारलं तर सांगणार, मुलगी यायचीय. मला खोटं पाडू नकोस. आई गेल्यापासून मला त्रास नको म्हणून तू येत नाहीस, आणि तुला त्रास नको म्हणून मी बोलवत नाही. आता बोलावतो. ये. मला फार एकटं वाटतं, पोरी.

शेजारचा पट्टा अजून आईच्याच मापाचा होता. आज सैल केला. तू आलीस की तुझ्या मापाचा करू.

तोवर तिथे कुणालाही न बसवणारा,
तुझा पप्पा