तीन फुटांवरची फट

आदिलाबाद,
१६ नोव्हेंबर २०२५

चि. निहार,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. थंडी सुरू झाली आहे, आई बरी आहे, आणि तू पाठवलेलं प्लायवूड चुकीचं आहे.

हो, पत्रच लिहिते आहे. फोनवर बोलले की आई शेजारी येऊन उभी राहते. मेसेज केला तर तू अर्धाच वाचून फोन करतोस. तेव्हा हे शेवटपर्यंत वाच. मध्येच फोन केलास तर मी उचलणार नाही.

हैदराबादेत एवढी दुकानं आणि दवाखाने सजवतोस म्हणून तुझ्याकडे वळणारं प्लाय मागितलं. कशाला, विचारलंस. शिकवणीच्या खोलीत गोल काउंटर करायचा आहे, असं मी सांगितलं. "ताई, दहा पोरांच्या शिकवणीला गोल काउंटर?" म्हणून दोन मिनिटं हसलास आणि काउंटरला लागतात तशी शीटं धाडलीस. आठ फुटांची लांबी वळते, चार फुटांची बाजू ताठच्या ताठ. मला नेमकं उलटं हवं होतं.

रामाजी मिस्त्री तामसीहून रोज बसने येतात. पहिल्याच दिवशी त्यांनी शीट उभं धरून दाबलं, पाणी मारून दाबलं, शेवटी गुडघा लावला. कडकन मोडलं. "बाई, हे तं आडवंच वळून राह्यलं. ज्यानं पाठवलं त्याले काम समजलं नाही काय?" हा माझा भाऊ आहे आणि याच कामाचं शिकला आहे, हे सांगायची मला लाज वाटली. नंतर स्वतःचीच वाटली. मी सांगितलं त्या कामाचं तू बरोबर पाठवलं होतंस. काउंटर नव्हताच.

भिंत होती. आईच्या खोलीतून स्वयंपाकघराकडे वळताना लागतो तो कोपरा गोल करायचा होता. दसऱ्याला व्हिडिओवर तू विचारलंस, आईच्या भुवईला काय झालं. कपाटाचं दार लागलं, म्हटलं मी. तो कोपरा लागला होता. चार टाके पडले. पोळ्याच्या सुमारास तिथेच खांदा सुजवून घेतला होता.

काचबिंदू आहे, निहार. डाव्या डोळ्याने काही दिसत नाही, उजव्याने समोरचं थोडंसं. गेलेली नजर परत येत नाही म्हणाले डॉक्टर. आहे तेवढी टिकावी म्हणून रोज थेंब घालते. हे मला मार्चपासून माहीत आहे आणि तुला सांगायचं नाही अशी तिने शपथ घातली होती. आज मोडली. आठ महिने तिच्यासाठी खोटं बोलून मी विटले आहे. काठी दिली तर ती कपाटामागे लपवते, हात धरला तर झटकते, आणि तुझा विषय काढला की एकच पालुपद: "त्याले सांगशील तं तो मले हैदराबादले नेईन. तिथल्या भिंती मले वळखतेत काय?"

तर तुझी शीटं. वाया कशी घालवायची, म्हणून रामाजींनी ती आडवीच लावली. खाली तीन फुटांची पट्टी, वर चार फुटांची. कोपरा छान गोल झाला, पण दोन पट्ट्यांच्या मध्ये आईच्या दारापासून स्वयंपाकघरापर्यंत एक आडवी फट राहिली. ती पुट्टीने बुजवून रंग द्यायचं ठरलं.

गुरुवारी दुपारी रामाजी पुट्टी कालवत होते आणि मी तुझ्या नावाने बोटं मोडत होते. तेवढ्यात आई खोलीतून निघाली. फटीत बोट ठेवलं आणि सरळ चालत गेली. वळणावरही थांबली नाही. थोड्या वेळाने आत पातेलं वाजलं. मार्चनंतर पहिल्यांदा तिने मला हाक न मारता चहा ठेवला होता. मला रडू आलं, आणि तेही रामाजींसमोर.

"हे भरू नका," ती त्यांना म्हणाली. "आन अजून पुढं न्या."

स्वयंपाकघराच्या पुढे तुझीच खोली आहे. तीन वर्षांत तू तिथे चार रात्री झोपला असशील. "आई, तिथं कोण राहतं आता?" मी वैतागून विचारलं.

"आला तं उठवाले जा लागीन ना. नऊ वाजेपर्यंत झोपते तो."

काल रामाजींनी मोडलेल्या शीटचे तुकडे जोडून ती फट तुझ्या दारापर्यंत नेली. आईने संध्याकाळपर्यंत तीन वेळा जाऊन दार चाचपून पाहिलं.

ये. तिला न्यायला नको येऊस. उशिरापर्यंत झोपायला ये, आणि आतून कडी लावू नकोस.

तुझी खोटारडी ताई,
चारुलता