एकट्याची गादी

६ जानेवारी

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

मोटारसायकलची मागची सीट काढून टाकली. तुला धक्का बसणारच, म्हणून पहिल्याच ओळीत लिहिलं. मला जो बसला तो वेगळाच आहे. गाडीला आता एकट्यापुरती गादी बसवायचा विचार आहे, हे मी हिला घाबरत घाबरत सांगितलं. ही कढई घासत होती. हात न थांबवता म्हणाली की बरं झालं, सुटले एकदाची. लग्न झाल्यापासून मागे बसताना तिचा जीव मुठीत असायचा, पाय अवघडायचे आणि माझ्या पाठीशिवाय काही दिसायचं नाही म्हणे. आरशात तिचे मिटलेले डोळे पाहून मी समजत होतो की वाऱ्याचा आनंद घेते आहे. ते भीतीने मिटलेले असायचे, ताई! रात्री डायरीत एवढंच लिहिलं की पाठीमागे बसलेल्या माणसाला कधी काही विचारलंच नाही.

गादी बदलायचं कारण म्हणजे माझं माकडहाड. गाडी तू पाहिली आहेस. लांब, बुटकी, पाय पुढे टाकून आरामखुर्चीत बसल्यासारखी चालवायची. दिसायला ऐट, पण सगळा भार एका हाडावर. कचेरीत दिवसभर नकाशे काढून आलो की आधीच कंबर धरलेली असते. गाडीवर बसलं की कळ कमरेतून निघते ती उजव्या टाचेपर्यंत जाते.

गाद्या बसवून देणारा भला आहे, नमुन्याची गादी रविवारपुरती नेऊ देतो. स्प्रिंगवाली आणली, तर खड्डा आला की गाडीच्या आधी मी वर जायचो. मग आत जेल भरलेली आणली. सावलीत सुख, पण उन्हात तापली की तव्यावर बसल्यासारखं. प्रत्येक गादीला समान संधी मिळावी म्हणून मी रस्ता तोच ठेवतो आणि पँटसुद्धा तीच घालतो. ही म्हणते की जावई शोधतानाही माणूस इतकं बघणार नाही.

भाऊजींना नमस्कार. आहे तेवढा लोभ राहू दे, थोडा वाढवलास तरी माझी हरकत नाही.

तुझा
घुम्या

---

१४ जानेवारी

चि. घुम्यास,
अ. उ. आ.

तुझ्या बायकोने तोंड उघडलं हे वाचून मी दवाखान्यात एकटीच हसले. खुर्चीतल्या पेशंटच्या तोंडात कापूस होता, त्यामुळे त्याला कारण विचारता आलं नाही. तिला सांग की शाबास, पण इतका उशीर का केलास?

आता गंमत बाजूला. कळ टाचेपर्यंत जाते ही ओळ तू बाकीच्या गप्पांत सहज सोडून दिलीस. अरे, गादी माणसाच्या टाचेला टेकत नाही. हाडांच्या डॉक्टरांना एकदा दाखवून ये. दातवालीला कमरेतलं काय कळतं, असं म्हणशील. नसेल कळत. पण दुखणं एकीकडे आणि त्याचं मूळ दुसरीकडे, हा प्रकार मी रोज बघते. कानाचं औषध घालून कंटाळलेली माणसं शेवटी माझ्याकडे दाढ काढायला येतात.

तुझे भाऊजी म्हणतात की या वयात ऐट कमी कर आणि स्कूटर घे. हे मत त्यांचं आहे, माझं नाही. मी तुझ्या बाजूने, पण आधी डॉक्टर.

भावजयीला आशीर्वाद, तुला आशीर्वाद आणि एक धपाटा.

तुझी, दात काढणारी
ताई

---

११ फेब्रुवारी

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

सापडली! अरुंद, काळ्या चामड्याची, दिसायला अगदी साधी गादी. गादीवाला स्वतःच देताना कां-कूं करत होता. म्हणाला की ही शोभेची आहे, लांबच्या प्रवासाला नको. मी बसून पाहिलं आणि थक्क झालो. परवा तलावापर्यंत जाऊन आलो, वाटेत कुठेही उतरलो नाही, आणि दुखणं शून्य. कळ नाही, माकडहाड नाही, काही म्हणजे काही जाणवलं नाही. खाली गादी आहे की नाही हेसुद्धा कळत नव्हतं. तेव्हा डॉक्टरांकडे गेलो नाही, रागावू नकोस. दुखतच नाही तर दाखवायचं काय?

फक्त एका गोष्टीने बेचैन आहे. आमचा फोटोवाला मित्र, ज्याची गाडी माझ्यासारखीच आहे, त्याला मी छातीठोकपणे हीच गादी घ्यायला लावली. तो तलावावरून परत येताना अर्धा रस्ता फूटरेस्टवर उभा राहून आला. उतरल्यावर त्याने मला जे सुनावलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. नुसती फळी आहे म्हणे, चामड्यात गुंडाळलेली. मी रात्रभर विचार केला. आपण निवडलेली वस्तू आहे म्हणून मी स्वतःला फसवतो आहे का? पुन्हा जाऊन बसलो. नाही, खरंच काही टोचत नाही. माणसामाणसाच्या बैठकीत फरक असणार, असं ठरवलं.

बाकी मी हल्ली फारच वेंधळा झालो आहे. सायलेन्सरला लागून पोटरी भाजली, फोड फुटून पँट चिकटली, ती हिने पाहिली तेव्हा मला कळलं. काल तर उजव्या पायातली चप्पल जिन्यातच राहिली आणि मी फाटकापर्यंत तसाच गेलो. वॉचमनने विचारलं की साहेब, नवस आहे का. घरात सगळे अजून हसताहेत. तूही हस.

लोभाचं काय ते तुला ठाऊकच आहे.

तुझा
घुम्या

---

१३ फेब्रुवारी

घुम्या,

मायना घालायला वेळ नाही. आत्ता फोनवर तू हसलास. गादीची बाजू घेऊन माझ्याशी भांडलास आणि फोन ठेवलास. म्हणून हे लिहून हातोहात पाठवते आहे. बायकोसमोर वाच.

तुझं पत्र वाचताना चपलेपर्यंत आले आणि तशीच उठून तुला फोन लावला. अरे, पोटरी भाजते आणि तुला कळत नाही? मी दाढेला सुई देते तेव्हा माणूस खूश होऊन सांगतो की डॉक्टर, आता काही दुखत नाही. घरी जाऊन जेवायला बसतो, स्वतःचाच गाल चावतो, शर्टावर रक्त सांडतं आणि तरी तो हसत असतो. दाढ बरी झालेली नसते, नुसती मुकी झालेली असते. फोटोवाला बरोबर आहे. ती फळीच आहे. तुला ती कळत नाही.

घोड्यावर बसलं की जेवढा भाग खोगिराला टेकतो, तेवढाच बधिर होणं याला आमच्या पुस्तकात खोगिरावरूनच नाव आहे. कॉलेजात आम्ही त्या नावाला हसलो होतो. पण त्याच्या खालचा परिच्छेद माझ्या डोळ्यांसमोर आहे. त्यात लिहिलं होतं की थांबू नका.

आता मोठ्या बहिणीने भावाला विचारू नये ते विचारते. लघवी झालेली तुला कळते का? की फक्त आवाजावरून कळते? लाजू नकोस आणि मला उत्तर लिहीत बसू नकोस. बाथरूममध्ये जा, स्वतःला खरं उत्तर दे आणि तिथून थेट हॉस्पिटलात. गाडीवरून नाही, रिक्षाने.

ताई

---

१६ फेब्रुवारी

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

फोनवर नुसतं रडूच येत होतं. ऑपरेशन झालं, हे शुद्धीवर आहेत, एवढंच तुम्हाला सांगता आलं. तुम्ही शनिवारी येताच आहात, पण सगळं मनातून बाहेर काढल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

तुमचं पत्र यांनी मोठ्याने वाचायला घेतलं, तुमची नक्कल करत. गाल चावण्यापर्यंत नक्कल चालू होती. मग तुमचा तो प्रश्न आला आणि नक्कल थांबली. उठून बाथरूममध्ये गेले. बराच वेळ पाण्याचा आवाज नाही, कसलाच नाही. बाहेर आले ते भिंतीला धरून, चेहरा कागदासारखा. म्हणाले की ताईला कसं कळलं?

हॉस्पिटलात डॉक्टरांनी यांना डोळे मिटायला सांगितलं आणि टाचणी टोचत गेले. मी बाजूलाच उभी होते. टाचणी मांडीच्या मागे रुतलेली मला दिसत होती, आणि हे शांतपणे विचारत होते की डॉक्टर, सुरुवात कधी करणार? वन्सं, मी तोंडात पदर कोंबला.

नंतर डॉक्टर एमआरआयचे फोटो बघून आले आणि म्हणाले की यांची गादी सरकली आहे. मी म्हटलं, नाही हो डॉक्टर, गादी घट्ट आहे, परवाच माझ्यासमोर नट आवळले यांनी. डॉक्टर माझ्याकडे बघतच राहिले. मणक्यांमधली गादी हो! ती सरकून खाली जाणाऱ्या सगळ्या नसांवर बसली होती. आम्ही महिनाभर घरात गादी, गादी हाच जप करत होतो आणि खरी गादी कुठली ते मला त्या क्षणी कळलं.

त्याच संध्याकाळी ऑपरेशन झालं. संवेदना किती परत येईल हे डॉक्टर सांगत नाहीत. येईलच असंही म्हणत नाहीत. पायाचं एक वेळ सोडा, पण लघवीसाठी लावलेली नळी निघेल की नाही तेही नक्की नाही. यांना मी यातलं निम्मंच सांगितलं आहे. पण हे माझं तोंड वाचतात.

लवकर या. तुमच्या मायेवरच उभी आहे.

तुमची
वहिनी

---

२ मे

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

नळी निघाल्याचं तुला हिने कळवलंच आहे. त्या दिवशी घरात जो आनंद झाला तो मी कुठल्याही परीक्षेत पास झाल्यावर झाला नव्हता. उजवं पाऊल अजून नीट उचलत नाही. काठी लागते.

व्यायाम घेणाऱ्या बाई रोज माझे डोळे मिटवून विचारतात, टाचणी की कापूस? ताई, ही परीक्षा फार अवघड आहे. टाचणी म्हणायचं इतकं मनात असतं की मला खरंच कळलं की मी तसं ठरवलं, हेच समजत नाही. म्हणून शंका आली की मी नाही म्हणतो. बाई वैतागल्या. इतका खरं बोलणारा पेशंट पुन्हा वाट्याला येऊ नये म्हणाल्या. हिने तर ऐकवलंच की जेव्हा शंका घ्यायला हवी होती तेव्हा चप्पल टाकून फाटकापर्यंत गेलात.

गाडीचं काय करायचं, हा प्रश्न होता. फोटोवाला गिऱ्हाईक घेऊन यायला तयार होता. मी ठरवलं होतं की विकायची. काल आवरण काढून पुसायला म्हणून खाली गेलो, हिच्या खांद्याचा आधार घेऊन. गाडी स्टँडवरच होती. एकदा बसू का, विचारलं. ही हँडल घट्ट धरून उभी राहिली.

बसलो, आणि इतक्या जोराने आई गं ओरडलो की वॉचमन धावत आला. हिला वाटलं पडलो. कुठे दुखलं, कुठे दुखलं, विचारत सुटली. मी डाव्या बाजूला हात लावून दाखवलं. ती आधी घाबरली. मग तिला कळलं, आणि ती तिथेच पायरीवर बसून हमसाहमशी रडायला लागली. वॉचमनला वाटलं आमचं भांडण झालं.

ताई, ही गादी भयंकर आहे! यावर माणूस बसूच शकत नाही! लाकूडही यापेक्षा मायाळू असेल. यावर मी तलावापर्यंत जाऊन आलो, या विचाराने काल रात्री अंगावर काटा आला. फोटोवाल्याला फोन करून माफी मागितली. तो म्हणाला की शिव्या परत घेतो, पण गादी मात्र तुझ्याच माथी मारणार.

हे सगळं डावीकडून. उजवीकडून अजून काही नाही. तिथे मी ढगावर बसलो होतो. शंका नाही, पुन्हा पुन्हा बसून पाहिलं. तेव्हा गाडी विकलेली नाही आणि चालवणारही नाही. किल्ली हिच्याकडे आहे. उजवी बाजू ज्या दिवशी बोंबलेल त्या दिवशी मागेन.

तुझा लोभ आहेच. राग मात्र अधूनमधून असाच येऊ दे.

तुझा
घुम्या