माळावरची जाळरेषा

३ फेब्रु., मंगळ.
नववीचा वनपरिसंस्थेचा धडा संपवला. पुस्तक मिटलं आणि विषय शाळेमागच्या माळावर आणला. वनखात्याची लागवड, कडुलिंब, खैर, मधे गुडघाभर वाळलेलं कुसळी गवत. म्हटलं, जंगल राखायचं तर हात काळे करावे लागतात. उन्हाळ्याआधी गवताचा पट्टा जाळून काढतात, ती जाळरेषा. वणवा तिथवर येऊन थांबतो.
रुक्मिण म्हणाली, "आपल्या माळाला हाय का मॅडम?"
नाही.
"मग कोन काढायची?"
आवाज चढवून म्हणाले, ज्यांना माळ आपला वाटतो त्यांनी. टाळ्या. घरी येईपर्यंत खुशीत होते.

६ फेब्रु., शुक्र.
माळाच्या कडेचं गवत कापलेलं. रुक्मिण आणि तिच्या मैत्रिणी, हाताला विळ्याचे फोड. आणि गवताचे ढीग? झाडांच्या बुडाशी.
"राखंचं खत झाडालाच मिळंल. तुमीच शिकवलं, जंगलातलं जंगलातच फिरतं म्हून."
जाळरेषा आणि राखेचं खत, माझे दोन वेगळे धडे पोरींनी एकत्र केले. बुडाशी पेटलं तर झाड जाईल, वारं असलं तर माळ, आणि या पोरी मधे. सांगितलं. हसल्या.
"उसाच्या फडात पाचट आमीच पेटवतो की. तुमी कदी पेटवलंय का मॅडम?"
नाही पेटवलं. गेल्या हंगामापर्यंत या पोरी आईबापांबरोबर ऊसतोडीला जात. पण फडात भोवती मोकळं रान असतं, मोठी माणसं असतात. इथं...
वनरक्षकांचा नंबर शोधून ठेवलाय.

७ फेब्रु., शनि.
वनरक्षकांना फोन. "पुढच्या आठवड्यात येतो. काडी लावू देऊ नका मॅडम, गुन्हा दाखल होतो. आणि ढीग आधी हलवा."
गुन्हा कोणावर, विचारायचं धाडस झालं नाही.

९ फेब्रु., सोम.
वर्गात बजावलं, कोणी पेटवायचं नाही. 'करा' म्हणताना माझा आवाज भिंती हलवतो. 'करू नका' म्हणताना कोणी वर बघत नाही.
रुक्मिण उठली. "सव्वीस जानेवारीला तुमीच म्हणला, परवानगीची वाट बघणारे म्हातारे होतेत."
वर्ग हसला. मलाही हसावं लागलं.
दुपारी सगळ्यांनी मिळून निम्मे ढीग उघड्या जागेत ओढले. मग शाळा सुटली. वारं सुटलंय.

११ फेब्रु., बुध.
रुक्मिण गैरहजर. मधल्या सुट्टीत घरी गेले. तिची आजी जोंधळे पाखडत होती. "माळावर गेली की सकाळीच. शाळंचं काम हाय म्हणली. तुमीच धाडलं न्हवं?"
पळत गेले. धूर नव्हता. पोरगी लिंबाखाली बसलेली.
"राखण करायलेय मॅडम. गुराखी बिड्या टाकतेत."
जीव भांड्यात पडला. मग ओढणीच्या टोकात बांधलेली काडेपेटी दिसली.
"ही कशाला?"
"तिकडून आग आली तर इकडून पेटवते. दोन आगी भेटल्या की विझतेत."
हेही मीच सांगितलेलं. वर्गाला आवडावं म्हणून.
हात पुढे केला. तिने पेटी दिली. एका शब्दाने वाद न घालता दिली, आणि त्याचीच जास्त भीती वाटली. घरी दुसरी असणारच.
"वनरक्षक कवा येणार?"
या आठवड्यात.
"न्हाई आले तर?"
नेहमीसारखं ठणठणीत काहीतरी तोंडाशी आलं होतं. गिळलं. म्हटलं, उठ, उरलेले ढीग ओढू. ती उठली, पण अंगात जोर नसल्यासारखी ओढत होती आणि सारखी माळाच्या गुराखी बसतात त्या टोकाकडे बघत होती.