शेठला घेऊन रुवैसला

२ ऑगस्ट, शनिवार

शेठला नेणार नाही म्हणाला! जेवताना, ताटाकडे बघत. "आई, साडेतीन तासांचा रस्ता आहे, त्यात ऑगस्ट. ससा गाडीत मरेल. शेजारच्या हव्वाबींना देऊन टाकू." जशी काही जुनी चटई द्यायची आहे.

निनादची बदली दुबईहून रुवैसला झाली, अबू धाबीच्याही पलीकडे. कंपनीचं घर, केतकीला तिथल्या शाळेत नोकरी, अवनीची ॲडमिशन – सगळं ठरल्यावर मला सांगितलं. आईला शेवटी सांगायचं असतं. मी म्हटलं, बरं. पण शेठ इथे राहणार असेल तर मीही राहीन. केतकीने निनादकडे पाहिलं. ही नवरा-बायको हल्ली एकमेकांकडे फार बघतात.

ससा ह्यांचा. तसा आणला होता अवनीच्या पाचव्या वाढदिवसाला, शारजाच्या पक्ष्यांच्या बाजारातून. पांढरा, डाव्या डोळ्याभोवती करडा डाग. अवनीने स्नोई नाव ठेवलं. हे म्हणाले, कसला स्नोई! काम नाही, धंदा नाही, बसून खातो – शेठ आहे हा. महिन्याभरात पोरीला कंटाळा आला आणि ससा ह्यांचा झाला. गॅरेजच्या स्टोअरमध्ये दिवसभर ग्रीसचे डबे आणि बेल्टं मोजून यायचे आणि चप्पल काढायच्या आधी हाक – "शेठ!" तो तुरुतुरु येऊन पायावर बसायचा. त्याच्याशी जेवढं बोलले तेवढं माझ्याशी बोलले असतील की नाही कोण जाणे.

दोन वर्षं झाली ह्यांना जाऊन. त्यांचं म्हणावं असं जिवंत हेच उरलंय. मुलगाही त्यांचाच म्हणा. तो बोलत नाही. ससाही बोलत नाही, पण निदान जवळ बसतो.

३ ऑगस्ट

आमटी खारट झाली. कोणी काही म्हणालं नाही. असं गप्प राहून खाल्लं की माणसाला जास्त लागतं.

६ ऑगस्ट, बुधवार

ड्रॅगन मार्टला खोकी आणायला निघालो. मी किल्ली हातात घेतली तर निनादने काढून घेतली. "तू हो पुढे, मी बंद करतो." नेहमीचंच! दोन वर्षांत घराला एकदाही कुलूप लावू दिलेलं नाही मला. मी लिफ्टपाशी उभं राहायचं आणि हा आत जाऊन काय काय तपासून येणार. मी जसं काही घर पेटवून निघालेय.

मला शिकवतो! वीस वर्षं ह्यांनी घोटून घेतलेलं – घर सोडताना गॅस बंद, नळ बंद, विजेचा मेन खाली. दर वर्षी गावी निघताना, टॅक्सीत बसल्यावरसुद्धा विचारायचे, "मेन?" मी म्हणायचे, "खाली." मग ड्रायव्हरला यल्ला, चल.

ह्यांना शेवटचं कराडला न्यायचं होतं त्या दिवशीसुद्धा. निनाद कागदांसाठी आधीच विमानतळावर कार्गोला गेलेला, केतकी पोरीला घेऊन खाली टॅक्सीत. घर मी बंद केलं. गॅस, नळ, मेन. एवढ्या दुःखात एवढं भान होतं मला. टॅक्सीत बसले तर विचारणारं कोणी नव्हतं. मीच मनात म्हटलं – खाली.

आणि हा माझ्या हातून किल्ली काढून घेतो.

९ ऑगस्ट, शनिवार

सशाला घाम येत नाही. तो कानांतून गार होतो.

अवनीने मोबाइलवर सशांचं काढून दिलं. सगळं इंग्रजी. दोन दिवस लावून वाचलं, अडलं तिथे तिला विचारलं. चौथी झालेली बाई मी. ह्यांची दुबईहून पत्रं यायची ती एकेक अक्षर लावून वाचता वाचता वाचायला शिकले. तेव्हा पत्रं वाचून दाखवायला दिराकडे जावं लागायचं आणि तो मधलं गाळायचा. तेव्हापासून ठरवलं, आपलं आपण वाचायचं.

वहीत उतरवून घेतलं – पाण्याची बाटली गोठवून, फडक्यात गुंडाळून टोपलीत ठेवायची. कान ओल्या हाताने पुसत राहायचं. तिशीच्या वर पारा गेला की सशाला सोसत नाही. बंद, तापलेल्या जागेत तासा-दोन तासांत जाऊ शकतो.

निनादला मोठ्याने वाचून दाखवलं. म्हटलं बघ, काळजी घेतली तर येतो ससा. तो मधेच उठून बाल्कनीत गेला, चाळीस डिग्रीत. बापाच्या सशाबद्दल दोन ओळी ऐकवत नाहीत!

शेठ काही पहिल्यासारखा नाही हे मात्र खरं. हाकेला येत नाही. मी गावाहून चार महिन्यांनी परत आले तेव्हापासूनचं हे. मेथीच्या काड्यांवर तुटून पडायचा, आता हुंगतो आणि सोडतो. अवनी म्हणते, "आजी, रॅबिट्स फरगेट." मी म्हटलं, विसरत नाहीत गं, झुरतात. ह्या घरात झुरणारे आम्ही दोघंच.

१२ ऑगस्ट

न्यायचं ठरलं! मी दोन दिवस जेवले नाही एवढंच केलं. निनाद म्हणाला, "ठीक आहे. पण रस्त्यात काही झालं तर स्वतःला दोष देऊ नकोस." मी म्हटलं, मी कशाला देऊ, तुला देईन.

तो हसला. कडवट हसतो आता, बापासारखा नाही.

१६ ऑगस्ट, शनिवार. रुवैस.

पोहोचलो. आजचं आजच लिहायला हवं.

पहाटे साडेपाचला निघालो, ऊन चढायच्या आत. हव्वाबी खाली आल्या नारळाच्या वड्यांचा डबा घेऊन. त्या रत्नागिरीच्या, आम्ही कराडचे. पंधरा वर्षं एका मजल्यावर काढली. आम्ही गावी गेलो की शेठचं सगळं त्याच बघायच्या. टोपलीत डोकावून म्हणाल्या, "न्या, न्या. अल्ला सलामत ठेवो." डोळ्यांना पदर लावला. सशासाठी परकी बाई रडते आणि माझा मुलगा गाडीची हवा तपासत उभा! शेवटचं कुलूपही त्यानेच लावलं. रिकामं घर, मालकाला परत द्यायचं घर, तरी विश्वास नाही.

टोपली माझ्या आणि अवनीच्या मधे. चार बाटल्या गोठवलेल्या. अबू धाबी डावीकडे... नाही, उजवीकडे राहिलं. मुसफ्फा मागे पडलं आणि मग दोन्ही बाजूंना काहीच नाही. वाळू, विजेचे खांब, मधेच उंटांचं कुंपण. ह्या रस्त्यावरून येणारे ट्रक ह्यांच्या गॅरेजात यायचे. वाळूने भरलेले फिल्टर दाखवायचे मला. रस्ता कधी बघितला नाही त्यांनी. एकतीस वर्षांत शारजा आणि घर, घर आणि शारजा.

शेठ टोपलीच्या कोपऱ्यात चिकटून बसलेला. नुसती छाती धडधडत होती. मी कान पुसत होते. दर दहा मिनिटांनी अवनी विचारायची, "इज ही ओके?" आणि निनाद आरशातून बघायचा. रस्त्याकडे बघ म्हटलं.

तरीफच्या पुढे पेट्रोलला थांबलो. पंपावर इंजिन बंद करावं लागतं, ते मला ठाऊक आहे. पण पेट्रोल भरून झालं, गाडी सावलीला लावली आणि हा किल्ली खिशात घालून चहा आणायला गेला! केतकी पोरीला घेऊन बाथरूमला. एसी बंद. सकाळचे आठ, पण काच हाताला चटका देत होती. दोन मिनिटांत गाडीत श्वास कोंडायला लागला. शेठचं तोंड उघडं पडलं. मी टोपली घेऊन बाहेर आले आणि जिवाच्या आकांताने ओरडले, "बंद गाडीत ठेवून मारतोस का त्याला? एवढी अक्कल नाही?"

चहाचे कप त्याच्या हातातून पडले. खरंच पडले, बुटांवर. पळत आला, गाडी चालू केली, एसी पूर्ण केला आणि नुसता उभा राहिला. तोंड पांढरं फटक. पंपावरचा पोरगा बघत होता. मला वाटलं होतं उलटून बोलेल. नाही बोलला. लोकांसमोर बोलले ते लागलं असणार. लागू दे.

१७ ऑगस्ट

शेठ खात नाही. कालपासून एक लेंडी नाही. वहीत लिहिलेलं आहे – सशाचं पोट थांबलं की एका दिवसात जातो. घर छान आहे, असं केतकी सारखी म्हणते. मी कुठे बघितलंय घर.

१८ ऑगस्ट, सोमवार

कसं लिहू.

निनादने ऑफिसला कळवलं आणि मदिनत झायेदला नेलं, जनावरांच्या डॉक्टरकडे. सव्वा तास जायला. अवनी बरोबर. एसी इतका की मला शाल घ्यावी लागली. ह्या वेळी कुठेच थांबला नाही.

डॉक्टर उझैर म्हणून, पेशावरचे. बाहेर दोन ससाणे टोप्या घालून रांगेत, आम्ही ससा घेऊन. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, इंजेक्शन दिलं, नळीने औषध घातलं. बचावेल म्हणाले, प्रवासाने घाबरलाय. मला रडू आलं. मग कार्ड भरायला घेतलं. नाव? शेठ. वय? सहा वर्षं. त्यांनी त्याला उलटं केलं आणि हसले. "अम्मा, शेठ नहीं, सेठानी है. मादी है ये."

मी म्हटलं, असं कसं होईल? नर आहे. आणल्यावर वर्षभरात ऑपरेशन केलंय त्याचं. चारशे दिरहम घेतले होते, आठ हजार रुपये! सशावर आठ हजार घातले म्हणून मी ह्यांच्याशी चार दिवस बोलले नव्हते, माझ्या चांगलं लक्षात आहे. डॉक्टर हसायचे थांबले. पुन्हा नीट बघितलं. म्हणाले, हिचं कधीच काही ऑपरेशन झालेलं नाही. वयही सहा वर्षं नाही, दोन-अडीच असेल.

मी निनादकडे पाहिलं. तो भिंतीवरचं घोड्याचं चित्र बघत होता. अवनी रडायला लागली. म्हणजे तिलाही माहीत होतं.

येताना टोपली मांडीवर होती. कोणाचा ससा आहे हा?

१९ ऑगस्ट

विचारलं. सगळ्यांसमोर.

गेला, म्हणाला. ह्यांना गावी नेलं त्याच वेळी. तू चार महिने तिकडे होतीस, कसं सांगायचं? एकामागून एक दोन कशी सांगायची?

कसा गेला? म्हणाला, "माझ्याकडून राहून गेलं, आई. सोय नीट लावायला हवी होती. चूक माझी."

केतकी म्हणाली, परत आल्यावर तीन शुक्रवार हा बाजारात फिरत होता, डोळ्याजवळ डाग असलेला ससा शोधत. मला कौतुक ऐकवत होती! मी सोडलं नाही. म्हटलं, बापाची एक वस्तू तुला सांभाळता आली नाही. आणि वर दोन वर्षं मला फसवलंस – कोणाच्या कुठल्या सशाशी मी ह्यांच्या गोष्टी बोलत बसले! उद्या मी मेले तर पोरीला बाजारातून दुसरी आजी आणून दे. चष्म्याचा नंबर तेवढा जुळव.

केतकी उसळली. "आई, तुम्हाला माहीत नाही –" निनादने हात वर केला. "केतकी, खलास."

आत गेला. दार हळू लावलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

२० ऑगस्ट

सेठानी खायला लागली. मी तिच्याकडे बघत नाही.

२२ ऑगस्ट

चौथा दिवस, त्याच्याशी बोललेले नाही. ऑफिसला निघताना "येतो, आई" म्हणतो. म्हणू दे. ह्यांचा फोटो अजून खोक्यातच आहे. ज्या घरात खोटं बोलतात तिथे लावायचा नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

हव्वाबींचा फोन. पोहोचल्याचं कळवलं नाही म्हणून रागावल्या. मी निनादचं गाऱ्हाणं सांगितलं – शेठ त्याच्या निष्काळजीपणाने गेला, कबूलही केलं त्याने.

त्या म्हणाल्या, "पोराला कशाला बोल लावता, भाभी? तो तर आधीच कार्गोला गेला होता. दर साली तुम्ही पिंजरा माझ्याकडे आणून ठेवता, त्या दिवशी त्या गडबडीत राहिला. मी म्हटलं, किल्ली आहे, उद्या बघते. दुसऱ्या दिवशी दुपारी दार उघडलं तर घराची भट्टी. एसी बंद, फ्रिज बंद. मेन खाली होता."

गॅस, नळ, मेन. टॅक्सीत बसून मीच म्हटलं होतं.