हरेल तो भांडी घासेल

४ फेब्रुवारी
जेवणाच्या टेबलाने आज माझा उघड विश्वासघात केला. इतकी वर्षं सरळमार्गी समजत होते त्याला — लंगडं निघालं! कोपर टेकलं, ते डुललं, पेला आडवा, पाणी माझ्या मांडीवर. चौकशीअंती नवरा म्हणाला, "ती खालच्या दांडीवर पाय दाबून बसायची." ती म्हणजे लेक. गेल्या महिन्यात नोकरीसाठी परगावी गेली. जाताना टेबलाचा पायही घेऊन गेली म्हणायची!
नवऱ्याचं हे दिवसभरातलं सगळ्यात लांब वाक्य.

५ फेब्रुवारी
पायाखाली पुठ्ठा सारला. आता दुसऱ्या बाजूला डुलतं.

९ फेब्रुवारी
लेक होती तेव्हा या टेबलावर आमचा खेळ चालायचा. प्रत्येकाने एक अनवट शब्द आणायचा. बाकीच्यांना तो आधीच माहीत निघाला, तर आणणारा हरला. हरेल तो भांडी घासेल.
मी पेपरच्या कचेरीत दिवसभर दुसऱ्यांची वाक्यं सरळ करणारी बाई. शब्दांची मला काय वानवा! मी 'अळुमाळु' आणला त्याच्या दुसऱ्या दिवशी लेक शाळेत सगळ्यांना "अळुमाळु भूक लागलीय" सांगत फिरली. अळुमाळु म्हणजे जराशी. तीही कुठून कुठून उकरून आणायची. शब्द जिभेवर घोळवताना तिचा चेहरा बघावा — जणू गोळी चघळतेय!
आणि नवरा? गणिताचा मास्तर. खाकरून, गंभीर चेहऱ्याने म्हणायचा, "पायपुसणं." दुसऱ्या दिवशी, "बादली." आम्ही दोघी खो खो हसायचो. तो निमूट बाह्या सरसावायचा.
मी त्याच्यासाठी खास 'मुखस्तंभ' शोधून काढला होता. तोंड असून खांबासारखा गप्प बसणारा.

१० फेब्रुवारी
आता खेळ नाही, हरणं नाही. तरी जेवण झालं की तो उठून भांडी घासतो. सवय! मी टेबल धरून बसते.

१४ फेब्रुवारी
दिवसभरात झालेलं संभाषण, जसंच्या तसं — "दूध आणलं?" "आणलं."

१७ फेब्रुवारी
लेकीचा फोन. घाईत होती. "आई, बाबाचा आजचा शब्द भारी होता ना गं?"
"कसला शब्द?"
ती चोरी पकडल्यासारखी म्हणाली, "अगं, रोज सकाळी पाठवतो तो मला. आज 'अवघ्राण' होता. मायेने लेकराचं डोकं हुंगणं. बसमध्ये वाचला आणि रडूच आलं."
मला माहीत नव्हता. मला!
म्हणजे खेळ चालू आहे. फक्त मी त्यात नाही. एका छपराखाली राहून मला "दूध आणलं", आणि तिला अवघ्राण.
त्याला काही विचारलं नाही. जेवलेही नाही धड.

१८ फेब्रुवारी
राहवेना. दुपारी कचेरीतून लेकीला फोन लावला. "माझ्यासमोर पायपुसणं आणि तुझ्यासाठी खजिना? मी काय घोडं मारलं होतं त्याचं?"
हसायलाच लागली. "आई, तुला खरंच कळलं नव्हतं?"
"काय कळायचं होतं?"
"तू कचेरीतून यायचीस ती उभ्या उभ्या झोपलेली. बाबाने 'मी घासतो' म्हटलं की भांडायचीस. म्हणायचीस, उपकार नकोत! हरला की मात्र खुशाल घासू द्यायचीस. मग तो रोज हरायचा. मी त्याला सांगितलं होतं, बाबा, निदान एकदा तरी जिंक. तर म्हणाला, 'तिला हसायला येतं ना, झालं.'"
"आणि आता मला का नाही सांगत शब्द?"
"तू विचारलंस कधी? त्याला वाटतं, मी गेले, तुझी हौस संपली."
फोन ठेवला. समोरचं वाक्य तीनदा वाचलं. एक अक्षर डोक्यात शिरेना.

१८ फेब्रुवारी, जेवणानंतर
ताटं रिकामी झाली. तो उठायला लागला. म्हटलं, "बस. शब्द आणलाय."
तो बसला. टेबल डुललं, मग थांबलं. वाकून पाहिलं — त्याचा पाय दांडीवर.
मी खाकरले. गंभीर चेहरा केला. "पायपुसणं."
तो हळूच म्हणाला, "माहीत आहे."
मी बाह्या सरसावल्या.