बदलीच्या हुकुमावरचे अंगठे

मंगळवार, संध्याकाळ. तंजावूर

माझ्या बदलीचा हुकूम शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळीच आला होता, मी दुपारी वाचला. पापनाशमच्या शाळेत. खाली नुसते अंगठे! परिपत्रक आलं की अंगठा टाकायचा, हीच आमची रीत. पण बदलीलाही?

पूर्वी सेल्वीअक्का, आमची शिपाईण, परिपत्रक घेऊन वर्गावर्गात यायची. सही होईपर्यंत दारात थांबून तमिळमध्ये हळूच सांगायची, "टीचर, गणिताच्या सरांची आई आजारी आहे. जाऊन या." आज ती असती तर? कागद पदराआड धरून आधी म्हणाली असती, "पाणी प्या, टीचर."

कुणाकुणाचे अंगठे आहेत ते बघायला आत्ता रागाने फोन उघडला. सकाळी तासाला जाता जाता, न वाचता टाकलेला, सगळ्यांत पहिला अंगठा माझाच.