हद्दीच्या दगडाचा प्रयोग

पारनेर,
जानेवारी १९७१

तीर्थस्वरूप सौ. चांगुणाआक्कास धाकट्या सहादेवाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तुझे गुडघे, दाजींचा खोकला आणि म्हशीचा स्वभाव, तिन्ही बरे असतील असं धरून चालतो.

माझं म्हणशील तर पुण्याच्या इस्पितळातल्या विजेच्या शेकांनी गालातली गाठ निम्मी झाली. (कॅन्सर हा शब्द आमच्या घरात कोणी काढत नाही. सगळे नुसतं ‘ते’ म्हणतात, जसे काही आमचे व्याहीच!) उरलेल्या शेकांना सोमवारी बोलावलं आहे. जावं की नाही, माझं ठरत नाही. कारण गावाला काय झालंय तेच कळेना. माझ्याशी कोणी भांडतच नाही!

म्हणून मी प्रयोग केला. आमच्या राहीबाईला म्हणालो, चहात साखर नाही. (होती.) एरवी या बाईने माझा उद्धार केला असता, आता मुकाट्याने साखर घातली. पुन्हा म्हणालो, पुन्हा घातली. तो पाक शेवटी मलाच प्यावा लागला. म्हटलं, ही बायको पडली, परका माणूस पाहावा. आपला बांधाचा शेजारी गोरक्ष तुला माहीतच आहे. बोटभर मातीसाठी आम्ही दोघांनी कचेरीत चपला झिजवल्या. परवा सकाळीच मी दमत दमत हद्दीचा दगड उकरला, चांगला हातभर त्याच्या रानात सरकवला आणि बाभळीच्या विरळ सावलीत वाट पाहत बसलो. आक्का, किती दिवसांनी मला भूक लागली होती! गोरक्ष आला. दगडाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि वाकून तो दगड त्याने स्वतःच आणखी आपल्या रानात ढकलला. म्हणाला, “दादा, उन्हात बसू नगा. पायजे तेवढं घ्या, माजं काय न्हाई.”

मी जिंकलो आणि तसाच उठून घरी आलो. गोरक्ष जमीन सोडतो म्हणजे त्याच्या लेखी मी गेलोच की! बरा होशील असं डॉक्टर म्हणाले होते, पण गोरक्षापुढे डॉक्टरांचं काय चालणार? तेव्हापासून घास उतरत नाही, आणि त्यात गाठीचा काही दोष नाही.

बाकी सर्व क्षेम. काळजी नसावी.

तुझा,
सहादेव

ता. क. लहानपणापासून तू मला ‘मुडद्या’ म्हणत आलीस, मला कधी काही झालं नाही. मागच्या पत्रात ‘राजा’ म्हटलंस, तेव्हापासून झोप उडाली आहे.

आणखी ता. क. रविवारच्या गाडीने ये. दारातूनच शिव्या घालत ये आणि कान धरून मला पुण्याच्या गाडीत बसव. मी नाही म्हणेन, ऐकू नकोस. मला जगायचं आहे, आक्का.